पहिला पॅड कोणाचा?

वसतिगृहाच्या संगणकावर रविवारी दोन तास जुने व्हिडिओ गेम खेळू द्यावेत की नाही, याविषयी पालकांत दोन मते आहेत. आम्हा माजी विद्यार्थ्यांचे मत खेळू द्यावेत असे आहे. मात्र खेळ सुरू करण्याची व्यवस्था मुलांनी स्वतः लिहिलेली असावी.

या अटीमागे अनुभव आहे. जुन्या यंत्रांची नक्कल करणारा ‘रेट्रोआर्च’ हा मोफत एम्युलेटर लिनक्सवर बसवला होता तो दहावीतील एका मुलाने. खेळाची फाईल कोठे आहे, गेमपॅडची बटणे कशी जुळवायची, हे त्या एकट्यालाच ठाऊक. धाकटी मुले त्याच्या मर्जीची वाट पाहत. तो शाळा सोडून गेला आणि दोन्ही पॅड कपाटात गेले. ज्ञान एकाच्याच हाती राहिले की बाकीच्यांनी दाराशी ताटकळायचे, हे दुःख आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको.

यंदा सातवी-आठवीच्या मुलांनी ते पॅड बाहेर काढून बॅशची वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. खरी अडचण पॅडचीच होती. दोन्ही एकाच नमुन्याचे. संगणकाच्या लेखी दोघांची ओळख एकच. त्यामुळे पहिला खेळाडू कोण, हे कधी असे तर कधी तसे ठरे, आणि भांडणे त्यावरूनच होत. (१९८३ च्या जपानी फॅमिकॉममध्ये तर दुसऱ्या पॅडवर स्टार्टचे बटणच नव्हते, धाकट्याने मुकाट बसावे!) परंतु कोणते उपकरण कोणत्या यूएसबी पोर्टला जोडले आहे, याची नोंद लिनक्स ‘बाय-पाथ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. मुलांनी एका पोर्टभोवती लाल रंग लावला, दुसऱ्याभोवती निळा. स्क्रिप्ट ती नोंद वाचते, लाल पोर्टच्या पॅडला पहिला खेळाडू ठरवते, तसे एका लहानशा सेटिंग-फाईलमध्ये लिहिते आणि त्या फाईलसह खेळ उघडते. पॅड जोडलेला नसेल तर मराठीत तसे सांगून थांबते. ‘टाइमआउट’ ही आज्ञा ३० मिनिटांनी खेळ बंद करते, समोर कोणीही बसलेले असो.

शेकडो खेळ भरलेला तयार संच विकत घ्यावा, असे काही हितचिंतक सुचवतात. सोय आहे खरी. पण अशा संचांतील खेळ बहुधा हक्कधारकांच्या परवानगीविना भरलेले असतात. पंचशीलातील अदिन्नादानाचे शील रोज उच्चारणाऱ्या शाळेत ते कसे चालावे? रचनाकारांनी आपणहून मोफत दिलेले खेळ थोडे असले तरी पुरेसे आहेत.

स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीवर मराठीत टीप आहे. ती वाचून पाचवीतील एकाने ३० च्या जागी २० लिहिले. दोघांच्या जोडीला ३० मिनिटे दिली तर दोन तासांत आठच मुलांची पाळी येई; आता बाराजणांची येते. मोठ्यांनी थोडी कुरकुर केली, पण ती ओळ अजून तशीच आहे.