चौसष्टच्या कार्डाचे पार्टिशन



गेल्या सुट्टीत नातू आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा वायरीच जास्त होत्या. आणि एक रास्पबेरी पाय. आपल्या वयाच्या मंडळींसाठी सांगतो, हा खायचा पदार्थ नव्हे. बँकेच्या कार्डाएवढा उघडा संगणक, आपल्या इथल्याच केंब्रिजचा. शाळकरी मुलांना स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून एबन अपटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काढला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आणला. लीप वर्षाचा दिवस, त्यामुळे बिचाऱ्याचा खरा वाढदिवस चार वर्षांनी एकदाच! याच्या पोटात डिस्क नसते. नखाएवढे मेमरी कार्ड खोचायचे, की तेच त्याचे कपाट आणि तीच त्याची तिजोरी.

नातवाने या यंत्राला आमचा जुना टेपरेकॉर्डर जोडला आणि कपाटातल्या कॅसेटी एकेक करून उतरवून घेतल्या. त्यातल्या एका कॅसेटवर आमच्या आत्याबाईंचा आवाज आहे. भायखळ्याच्या घरी, मेंदीच्या रात्री, बायकांच्या घोळक्यात म्हटलेली गाणी. ती कॅसेट उतरवून झाली आणि दुसऱ्यांदा लावली तर टेप तुटली. म्हणजे आत्याबाई आता फक्त कार्डात.

नव्वद मिनिटांची एक कॅसेट नीट उतरवली तर जवळजवळ एक गिगाबाइट जागा खाते. सोळाचे कार्ड भरले. नातवाने चौसष्टचे नवे आणले, जुन्याची जशीच्या तशी नक्कल त्यावर केली आणि (मुले अशीच!) जुने लगेच पुसून दुसऱ्या कामाला लावले. नवे कार्ड खोचले, तर यंत्र म्हणते, जागा शिल्लक नाही. पोरगा वैतागला आणि जेवायला न बसता वर निघून गेला.

मग आम्ही दोघांनी शहाणपणा केला. कार्ड आमच्या लॅपटॉपला लावले. पडद्यावर काय दिसावे? एक छोटासा कप्पा, २५२ मेगाबाइटचा. पाव गिगाबाइट! आणि दुसऱ्या कप्प्यावर टिचकी मारली तर सूचना आली, हा वापरायचा असेल तर आधी फॉर्मॅट करा. आम्हांला वाटले, दुकानदाराने फसवले, आता फॉर्मॅट करून बघू. बोट बटणावर होते, तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "आजी-आजोबा, नो! दाबू नका!"

त्या दुसऱ्या कप्प्यातच आत्याबाई होत्या.

झाले होते काय, ते नातवाने आम्हांला समजावले आणि आम्ही ते चाळीच्या भाषेत तुम्हांला सांगतो. मुंबईच्या खोलीत लाकडी पार्टिशन घालायचे, आठवते ना? पुढे पाहुणे, मागे चूल. फळीच्या जाडीएवढीच जागा जायची, बाकी खोली तेवढीच. पण पुढची बाजू रिकामी असली तरी मागच्या बाजूला पाय पसरता येत नसत. जागा गेली नव्हती, नुसती अडली होती. कार्डाचेही तसेच. पायच्या कार्डावर पुढे एक लहान कप्पा असतो, त्यातून यंत्र जागे होते. हा कप्पा विंडोजला वाचता येतो. मागचा मोठा कप्पा लिनक्सच्या पद्धतीचा. विंडोजला तो कळत नाही, आणि न कळलेले ते कोरे असे समजून ते फॉर्मॅट सुचवते. मागितल्याशिवाय सल्ला देणारे शेजारीच ते.

आणि चौसष्ट कुठे गेले? नक्कल करताना पार्टिशनची मापेही नकललेली. सोळाच्या कार्डाच्या भिंती चौसष्टच्या खोलीत उभ्या राहिल्या, त्यांच्यापलीकडचे पाऊणभर कार्ड मोकळे पण कुणाच्याच नावावर नाही. नातवाने पायच्या सेटिंगमध्ये जाऊन कप्पा वाढवण्याचा हुकूम दिला, यंत्र बंद करून चालू केले, आणि एकोणसाठच्या जवळपास जागा दिसली. हे जमले, कारण मोकळी जागा मागच्या कप्प्याला लागूनच होती. मध्ये तिसरी भिंत असती तर आधी ती हलवावी लागली असती.

एकोणसाठच का, चौसष्ट का नाही, हे आम्हीही विचारले. कार्ड बनवणारे हजाराच्या हिशोबाने मोजतात, संगणक १०२४च्या हिशोबाने. चौसष्ट अब्ज बाइट तेच, पण दुसऱ्या मापाने ते ५९.६ भरतात. शेर आणि किलोसारखे. यात पार्टिशनचा दोष नाही.

मुलांनो, आता खरी गंमत. हे पार्टिशन चिपमध्ये कुठेच नसते! फ्लॅश मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधली. त्यात लिहायचे थोडे थोडे, पण पुसायचे मोठा तुकडा एकदम. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडावा तसे, म्हणून हे नाव, असे सांगतात. पुसून पुसून तुकडे झिजतात. म्हणून कार्डातला छोटा मुकादम आज इथे, उद्या तिथे लिहितो, सगळे सारखे झिजावेत म्हणून. पार्टिशन फक्त पत्त्यांच्या वहीत. संगणकातल्या मोठ्या फ्लॅश डिस्कमध्ये हा मुकादम थोडी जागा आपल्यासाठी राखूनच ठेवतो, आपल्याला ती दिसतच नाही. आपणही थोडा भाग न वापरता मोकळा सोडला तर त्याला हात हलवायला जागा मिळते आणि काम भरभर होते. तेव्हा मोकळे ते सगळे वाया, असेही नाही.

मोठ्या कचेऱ्यांत तर पार्टिशनने जागा वाढते. नेटअ‍ॅपच्या साठवण यंत्रांत पूर्वी यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठी अख्ख्या डिस्क बाजूला ठेवाव्या लागत. आता प्रत्येक डिस्कचा छोटा तुकडा कारभाराला आणि उरलेला मोठा भाग कामाला. पाण्याच्या पिंपासाठी एक खोली अडवण्यापेक्षा प्रत्येक खोलीत एक कोपरा दिला, म्हणा ना.

तुमच्याकडे पायचे जुने कार्ड पडले असेल आणि ते फोटोंसाठी हवे असेल, तर लहान कप्पा फॉर्मॅट करत बसू नका, तो लहानच राहील. आतले सगळे आधी दुसरीकडे उतरवा. मग रास्पबेरी पाय इमेजर नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये कार्ड पुसण्याचा पर्याय असतो, तो भिंती काढून सगळे एक करून देतो. मात्र कार्ड नक्की तेच आहे ना, हे नातवंडांकडून दोनदा बघून घ्या.

आत्याबाईंच्या आता तीन नकला आहेत, एक आमच्याकडे, एक नातवाकडे, एक लोदला भावाकडे. काल रात्री पुन्हा ऐकले. शेवटचे गाणे संपल्यावर त्या कुणाला तरी विचारतात, "अरे, ते बंद केलंस का?"