माशांच्या त्या अर्जावर मी सही का केली नाही



गेल्या आठवड्यात आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक अर्ज फिरत होता. रसायनांसाठी माशांवर होणाऱ्या सगळ्या चाचण्या ताबडतोब बंद करा, एवढीच मागणी. भराभर सह्या पडल्या. मी केली नाही. दोघींनी फोन करून विचारलं, "वहिनी, तुम्हीच कशा मागे राहिलात?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी ही चाचणी असते काय ते बघू. एक असते चार दिवसांची. ९६ तास मासे रसायनाच्या पाण्यात ठेवायचे आणि किती मेले ते मोजायचे. दुसरी लांबची. त्यात माशांची अंडी घेतात, रसायनाच्या पाच वेगवेगळ्या प्रमाणांत आणि एका स्वच्छ पाण्यात ठेवतात. प्रत्येकात किमान ८०, म्हणजे एकूण ४८० जीव झाले. अंड्यातून पिल्लू निघाल्यावर झेब्रा माशाचं महिनाभर आणि ट्राउट माशाचं दोन महिने निरीक्षण होतं. किती जगले, किती वाढले, किती वाकडेतिकडे झाले, हे सगळं लिहून ठेवतात. शेवटी उरलेलेही मारले जातात. पंचेंद्रिय जीव आहेत हे, आणि ठरवून केलेली हिंसा आहे. मला ती मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

मग प्रत्येक रसायनाला ही लांबची चाचणी लागते का? युरोपात २००७ पासून रीच नावाचा कायदा आहे. वर्षाला १०० टन किंवा त्याहून जास्त माल होत असेल तिथे हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरची चाचणी फक्त शेवटचा उपाय म्हणून करावी असंही त्याच कायद्यात लिहिलं आहे. म्हणजे आधी बघायचं की पदार्थ पाण्यात पोचतो का, पोचला तर लवकर विघटन होतं का, त्याच्यासारख्या दुसऱ्या पदार्थाची माहिती आधीच आहे का, आणि शेवाळावर व डॅफ्निया नावाच्या पिसवेएवढ्या पाणजीवावर काय परिणाम दिसतो. मासा त्यानंतर. एकेंद्रियापासून वर चढत जाणारी ही पायरी आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको.

आता खरी गोम ऐका. नदीत किती रसायन चालेल याचा आकडा काढताना चाचणीत मिळालेल्या आकड्याला भाग देतात. फक्त थोड्या दिवसांच्या चाचण्या असतील तर १००० ने. शेवाळ आणि डॅफ्निया या दोघांच्या लांबच्या चाचण्या असतील तर ५० ने. माशाचीही झाली की १० ने. म्हणजे मासा त्या दोघांपेक्षा नाजूक निघाला नाही, तर परवानगीची मर्यादा पाचपट सैल होते. आता सांगा, ते ४८० जीव कशासाठी गेले? पुष्कळदा नदी वाचवायला नाही, तर नदीत थोडं जास्त सोडता यावं म्हणून. ५० ने भागून आलेली कडक मर्यादा पाळा, सांडपाणी आणखी साफ करा, नाहीतर तो पदार्थच कमी वापरा, एवढं केलं तर माशाला हात लावावा लागत नाही. पण त्याला पैसे पडतात. मासा स्वस्त पडतो. परिग्रहापोटी हिंसा होते हे आपण दशलक्षणात दर वर्षी ऐकतो, त्याचं याहून उघडं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मग तर सही करायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. थांबा.

कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतात संशोधनासाठी राखलेली तळी आहेत. त्यातल्या एका तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम हार्मोन सोडलं. प्रमाण लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम. म्हणजे चमचाभर साखर दहा हजार लिटरच्या एक लाख टँकरमध्ये विरघळवली तर होईल तितकं. चार दिवसांच्या चाचणीत एवढ्याशाने एकही मासा मेला नसता. तळ्यात मात्र नर माशांच्या अंगात मादीचं अंड्यातलं प्रथिन तयार होऊ लागलं, आणि फॅटहेड मिनो जातीचे मासे जवळजवळ संपले. हार्मोन सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी ते सावरले. डॅफ्नियाच्या शरीरात माशासारखी ही हार्मोनची व्यवस्थाच नाही, त्यामुळे तिच्या आकड्याला ५० ने भागा की १००० ने, हा धोका त्यातून कळेलच असं नाही. अशा संशयाच्या पदार्थाला "आम्ही माशांवर चाचणी करत नाही" म्हणून बाजारात सोडायचं आणि मग साऱ्या नदीवर तीच चाचणी न मोजता करायची, याला अहिंसा म्हणायचं?

आपल्याकडे काय आहे तेही बघा. कारखान्याच्या सांडपाण्याच्या नियमात माशांची कसोटी आहे: निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत हवेत. चार दिवस जगले की पास. पुढे त्यांना पिल्लं झाली की नाही, हे ही कसोटी विचारत नाही.

अर्जात आणखी एक सूचना होती, माशांऐवजी भ्रूण वापरा. युरोपच्या कायद्यात पिल्लू स्वतः खायला लागेपर्यंत ते संरक्षित प्राण्यांत धरत नाहीत. झेब्रा माशाच्या बाबतीत साधारण पाच दिवस. कायद्याला चालेल, पण आपल्याला? अंड्यात जीव आहे म्हणून अंडं न खाणाऱ्या आपण त्याखाली सही कशी करतो? गिल पेशींवरची चाचणी मात्र मला पटते. २०२१ पासून तिला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, आणि त्यात नवा मासा मारावा लागत नाही. पण तीही थोड्या वेळाच्याच चाचणीची जागा घेते, लांबच्या नाही.

माझ्या आजेसासूबाई पाणी गाळल्यावर कापडावरचे जीव नुसते झटकत नसत. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जीवाणी परत सोडायच्या, तीही वरून न ओतता पाण्याजवळ नेऊन. आपण आज गाळलेलं पाणी पितो आणि त्याच मोरीतून रोज काय काय खाली सोडतो. फरशीचा फिनेल, कपड्यांचा सुगंधी द्रव, नळ साफ करायचं ॲसिड. कृत, कारित, अनुमोदना. चाचणी करणारा कृतात, करवणारा कारितात, आणि बाटली विकत घेणाऱ्या आपण? पर्युषणात हिरवी भाजी सोडणाऱ्या आपल्यातल्या किती जणींनी तो सुगंधी द्रव सोडला आहे? (मी गेल्या चातुर्मासात सोडला. दोन महिने टॉवेल खरखरीत लागले, मग सवय झाली.)

ग्रुपवर मी असं लिहिलं: अर्जात तीन ओळी घाला, मी पहिली सही करते. एक, कडक मर्यादा पाळून भागत असेल तिथे माशाची चाचणी नको. दोन, हार्मोनसारखं वागण्याचा संशय असेल तर पदार्थ वापरणंच थांबवा, आणि थांबवायचा नसेल तर चाचणी टाळू नका. तीन, आधी झालेली माहिती कंपन्यांनी एकमेकींना द्यावी, एकाच पदार्थासाठी दोनदा मासे मरू नयेत. रीचमध्ये अशा चाचणीचा प्रस्ताव आला की ४५ दिवस कोणीही शास्त्रीय माहिती पाठवू शकतं. आपल्या मंडळातल्या तिघी तरी रसायनशास्त्र शिकलेल्या आहेत, त्यांनी तिथे लिहावं.

काकूंनी अंगठा दाखवला आहे. बाकीच्यांनी अजून काही कळवलेलं नाही. ज्यांनी सही केली त्यांच्यावर माझा राग नाही, पण मला उत्तर हवं आहे.