काढून टाकलेला दिवा

दिवाळी सरली की कापूस वेचणीला जोर येतो आणि आदिलाबादहून बेला-जैनथकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात जुन्या व्हॅन धावू लागतात. मारुतीची ही व्हॅन 1984 साली आली, 2019 साली बनायची थांबली. आमच्या खेड्यांत ती अजून राबते आहे. सात-आठ जणांच्या गाडीत चौदा-पंधरा बाया, मांडीवर लेकरं, पायाशी भाकरीचे डबे.

मागच्या हंगामात मी अशाच एका गाडीत पुढे बसलो होतो. अर्ध्या वाटेत खालून हातोडी मारल्यासारखा ठोका येऊ लागला आणि दोन मिनिटांत इंजिन जाम झालं. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. आम्हाला उतरवून ड्रायव्हरने सीट उचलली, डिपस्टिक ओढली. ती जवळजवळ कोरडी होती. टोकाला डांबरासारखा काळा चिकटा. तो त्याने दोन बोटांत चोळून मला दाखवला. त्यात कचकच होती. मी विचारलं, "भाऊ, ऑइलचा लाल दिवा लागला नाही का?" तो खाली बघत म्हणाला, "बल्बच काढला जी मालकानं. दिवा लागला की बाया घाबरून उतरतो म्हणायच्या."

तेव्हापासून त्या बल्बाने माझी झोप नेली आहे.

रिंगा झिजल्या की गाडी ऑइल पिते, मागून निळसर धूर सोडते. उरलेलं ऑइल काजळीने घट्ट होतं, तळाची जाळी बुजते आणि बेअरिंगपर्यंत वंगण पोचत नाही. हे एका दिवसात होत नाही, महिनोन्‌महिने चालतं. तेवढ्या काळात जिची सीट उचलायला कुणी तयार नाही, त्या गाडीला दर शनिवारी नवं लिंबू-मिरची मात्र असतं. दसऱ्याला झेंडूच्या माळा, नारळ, चाकांवर हळद-कुंकू. हजार-बाराशे रुपयांत ऑइल आणि फिल्टर बदलून होतो. तो पैसा देवाच्या नावाने निघतो, माणसाच्या जिवासाठी निघत नाही. अशी पूजा देवाला पोचते, असं मी मानत नाही.

पण एकट्या मालकाला बोलून आपण सुटू शकत नाही. मजूर नेणाऱ्या मुकादमाने गाडी कधी पाहिली? ज्याच्या शेतात बाया जातात, त्या शेतकऱ्याने विचारलं? आपली मुलं अशाच जुन्या गाडीतून शाळेत जातात. फाटकाशी उभे राहून आपण त्यांना हात हलवतो, ड्रायव्हरला मात्र एकदाही म्हणत नाही की किल्ली फिरव, दिवा दाखव. इंजिन सुरू होण्याआधी तो लाल दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर काहीतरी लपवलेलं आहे किंवा बिघडलेलं आहे. एवढं बघायला मेकॅनिक लागत नाही.

आणि काढलेलं काळं तेल जातं कुठे? गॅरेजमागच्या नाल्यात. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत ते मोडतं. पहिल्या पावसात ते पैनगंगेच्या वाटेला लागतं, आणि तिच्याच काठावर आपण जनावरं पाण्यावर नेतो.

गाडी बंद पडली त्या दिवशी बायांची मजुरी बुडाली. वेचणी किलोवर असते. शेतात पोचलं नाही तर हाती काहीच नाही. एकीने विचारलं, "आता आमचं भाडं तरी परत द्या." ड्रायव्हरकडे द्यायला काही नव्हतं आणि मालकाने फोन उचलला नाही. पदर डोक्यावर ओढून त्या उन्हातून पायी परत निघाल्या, लहान लेकरं आळीपाळीने कडेवर घेत.

पंधरा दिवसांनी ती व्हॅन पुन्हा रस्त्यावर दिसली. कुठूनसं दुसरं जुनं इंजिन बसवलं होतं. मी काचेतून डोकावलो आणि ड्रायव्हरला किल्ली फिरवायला सांगितली. बॅटरीचा दिवा लागला. शेजारची ऑइलची जागा काळीच राहिली.