ग्रंथाला हार नको, वाचक हवा!

बाबासाहेबांनी १९५६ साली याच नागपुरात आपणांस धम्मदीक्षा दिली. परंतु आपल्या लकडगंजात आज ग्रंथाला हार घालणारे हात पुष्कळ, पाने उलटणारे थोडे! ‘ग्रंथ इंग्रजीत आहेत’ ही सबब टिकणारी नाही. घरातील शिकलेल्या मुलीने ऱ्हीस डेव्हिड्स दांपत्याने इंग्रजीत आणलेला ‘दीघनिकाय’ उघडावा व आईबापांस मराठीत समजावून सांगावा. त्यातील सिगालोवाद सुत्त मालकास बजावते की, नोकराला शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा आणि वेळोवेळी रजा द्यावी. हा आपल्या हक्काचा दस्तऐवज आहे. तो स्वतः न वाचणारा समाज उद्या नवा भटजी शोधील. कायदा न वाचता खटला लढविता येत नाही. मग धम्म न वाचता समतेचा लढा कसा लढविणार?