ग्लास मोजू नका, ग्रॅम मोजा

छत्रपती संभाजीनगर आणि बिअर यांचा संबंध जुना आहे. इथल्या औद्योगिक वसाहतींत देशातील बड्या कंपन्यांचे बिअरचे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात जायकवाडीने तळ गाठला, तेव्हा मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता. बिअरवर तेव्हा शहरात भरपूर चर्चा झाली, पण ती पाण्याची होती. पिणाऱ्याच्या पोटात नेमके किती अल्कोहोल जाते, हा प्रश्न तेव्हाही मागे राहिला आणि आजही मागेच आहे.

आता तो नव्याने विचारण्याची वेळ आली आहे. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली आणि त्यानंतर पुणे-मुंबईत मायक्रोब्रुअरी वाढत गेल्या. मायक्रोब्रुअरी म्हणजे जिथे बनते तिथेच ताजी बिअर विकणारे छोटे ठिकाण. काचेपलीकडे स्टीलच्या मोठ्या टाक्या दिसतात. संत्र्याची साल आणि धणे घातलेली गव्हाची बिअर, कॉफीच्या वासाची काळी बिअर, हंगामात आंब्याची बिअर असे प्रकार मिळतात. वर्षातून काही वेळा संगीत, खाणे आणि वीस-पंचवीस प्रकारच्या बिअर एकाच मैदानावर आणणारे महोत्सवही भरतात. शनिवार-रविवार जोडून पुण्याला ‘ब्रुअरी बघायला’ जाणे हा मराठवाड्यातील नोकरदार तरुणांचाही बेत होऊ लागला आहे.

यात सगळेच वाईट आहे असे नाही. या बिअरला चव असते, ती सावकाश प्यायली जाते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी बहुतांश ‘स्ट्राँग’ असते, म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांहून अधिक आणि आठ टक्क्यांपर्यंत. त्या तुलनेत बऱ्याच क्राफ्ट बिअर साडेचार-पाच टक्क्यांच्या असतात. चवीसाठी एक ग्लास पिणारा माणूस नशेसाठी दोन बाटल्या रिचवणाऱ्यापेक्षा कमी धोक्यात असतो, हे मान्य करायला हवे.

अडचण आहे ती ‘ताजी’, ‘नैसर्गिक’, ‘हलकी’ या शब्दांची. बार्ली भिजवून, मोड आणून, वाळवून तिचा माल्ट करतात. त्यातील साखर यीस्ट खाते आणि इथेनॉल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. वाळूजच्या कारखान्यातील यीस्ट आणि पुण्याच्या छोट्या टाकीतील यीस्ट, दोन्ही हेच काम करतात. इथेनॉलचा रेणू कुठेही तोच असतो आणि यकृत त्यापासून ॲसिटाल्डिहाइड हाच विषारी पदार्थ बनवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे, स्तन यांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध झाला आहे आणि त्यात बिअरला सवलत नाही.

‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. पाच टक्क्यांच्या बिअरच्या अर्ध्या लिटरच्या ग्लासातही सुमारे २० ग्रॅमच असते. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे पेग. ज्याच्या धर्तीवर आपले महोत्सव भरतात त्या म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये मग एक लिटरचा असतो आणि बिअर सुमारे सहा टक्क्यांची. एका मगात ४७ ग्रॅम झाले.

आता हिशेब पुढे न्या. यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा लिंबूपाणी यांनी हा वेग वाढत नाही. रात्री आठला सुरुवात करून चार ग्लास घेतले तर ८० ग्रॅम झाले. ते निघून जायला दहा-अकरा तास लागतात, म्हणजे सकाळचे सहा-सात वाजतात. आणि बरोबर त्याच वेळी, ‘झोप झाली, उतरली’ असे समजून, अहिल्यानगरमार्गे संभाजीनगरची सव्वादोनशे किलोमीटरची परतीची वाट धरली जाते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहाटे चालकाच्या रक्तात तेवढे असू शकते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरा समज मूतखड्याचा. ‘डॉक्टर, खडा आहे, बिअर घेऊ का?’ हा प्रश्न मराठवाड्यातील प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात ऐकू येतो. बिअरने लघवी वाढते हे खरे, कारण अल्कोहोल शरीरातील पाणी राखणारे संप्रेरक दाबते. पण प्यायलेल्या पाण्यासोबत शरीरातील पाणीही जाते आणि चाळीस अंशांच्या उन्हात ते परवडणारे नाही. शिवाय बिअरने युरिक ॲसिड वाढते. बारीक खडे अनेकदा आपोआप पडतात आणि श्रेय मात्र बिअर घेते. तेच काम पाणी करते, तेही यकृताला हात न लावता. मधुमेह, फॅटी लिव्हर किंवा गाऊट असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तर ‘फक्त चव’सुद्धा टाळावी.

मग करायचे काय? बंदी हा उपाय नाही, पण माहिती देणे शक्य आहे. बाटलीवर टक्केवारी आणि आरोग्याचा इशारा छापावा लागतो. नळातून ग्लासात येणाऱ्या बिअरच्या ग्लासावर लेबल नसते. राज्य उत्पादन शुल्क विभागाने प्रत्येक मायक्रोब्रुअरीच्या आणि महोत्सवाच्या फलकावर टक्केवारीसोबत ‘या ग्लासात इतके ग्रॅम अल्कोहोल’ असे मराठीत लिहिणे सक्तीचे करावे. दीडशे-दोनशे मिलिलिटरचा छोटा ग्लास सर्वत्र मिळावा, म्हणजे चार प्रकार चाखायला दोन लिटर प्यावे लागणार नाहीत. पिण्याचे पाणी फुकट आणि हाताशी असावे. राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ आहे, ती प्रवेशद्वारावर तपासली जावी. महोत्सवाच्या परवान्यातच परतीच्या बसची अट असावी.

न पिणाऱ्याने बिअर सुरू करावी असे आरोग्याचे एकही कारण वैद्यकशास्त्राकडे नाही. पिणाऱ्याने मात्र ब्रुअरीत बसल्यावर दोनच प्रश्न विचारावेत: हिच्यात किती टक्के आहे आणि ग्लास किती मिलिलिटरचा? या दोन आकड्यांच्या गुणाकाराला शंभराने भागून ०.८ ने गुणले की ग्रॅम मिळतात. मोबाइलवर हा हिशेब दहा सेकंदांत होतो. दुसरा ग्लास मागवण्याआधी तो करावा, आणि गाडीची किल्ली न पिणाऱ्याच्या हाती द्यावी.