जावई घरी बियर करतात!

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात नाशिकच्या एका आईचं पत्र आलं आहे. ते वाचून आधी मला हसू आलं आणि मग माझेच जुने दिवस आठवले. त्या लिहितात:

“माझी लेक लग्न होऊन इंग्लंडात गेली. जावई निर्व्यसनी, म्हणजे आम्ही तरी तसं समजत होतो. परवा लेक फोनवर सहज म्हणाली, ‘आई, हे घरी बियर करतात, पण मला काही ती आवडत नाही. नाही म्हटलं की यांचा चेहरा पडतो.’ तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. जावई घरात दारू गाळतात, हे मी कुणाजवळ बोलू? लेकीला काय सांगू?”

ताई, आधी पाणी प्या आणि शांत व्हा. तुमच्या पत्रातला एक शब्द चुकला आहे, आणि त्या एका शब्दानंच अर्धी भीती घातली आहे. जावई दारू ‘गाळत’ नाहीत, बियर ‘आंबवतात’. गाळणं म्हणजे भट्टी लावून, वाफ धरून कडक दारू काढणं. ते इंग्लंडातसुद्धा परवान्याशिवाय गुन्हाच आहे. बियर आंबवण्याला मात्र तिथं १९६३ पासून परवाना लागत नाही. घरच्यापुरती करावी, विकू नये, एवढाच नियम. आपल्याकडे कुणी लोणची घालतं, कुणी बाग करतं, तसा हा तिथल्या पुष्कळ पुरुषांचा, आणि बायकांचाही, शनिवार-रविवारचा छंद असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आम्ही २००१ साली डर्बीला आलो. आमच्या ‘ह्यां’ना हा नाद लागला तो २००९ साली, आणि मला बियर तेव्हाही आवडत नव्हती. म्हणून तुमच्या लेकीच्या जागी बसूनच हे लिहिते आहे.

पहिल्यांदा ही बियर होते कशी ते सांगते, म्हणजे ती चेटकीण वाटायची नाही. आपण नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व काढतो ना? तसंच बार्लीला मोड आणून ती वाळवतात. त्याला म्हणतात माल्ट. ते भरडून साधारण ६५ अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवलं की त्यातल्या पिठाची साखर होते. वरचं गोड पाणी काढून तासभर उकळायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालायची, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट ती साखर खाऊन मद्यार्क आणि वायू तयार करतं. दोनेक आठवड्यांनी बाटल्या भरायच्या, की झालं. घरात वास सुटतो तो भाजणीसारखा, खमंग. मला तो वास पहिल्यापासून आवडायचा. घोट घेतला की मात्र तोंड वाकडं!

कारण ती फुलं. हॉप्स जितका वेळ उकळावीत तितका कडूपणा उतरतो. मेथीदाणा फोडणीत जास्त वेळ राहिला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ह्यांचा सगळा जोर इंडिया पेल एल या प्रकारावर. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजांसाठी जहाजानं जी फिकट बियर यायची, ती भरपूर हॉप्स घालून करत. आमच्या डर्बीजवळचं बर्टन हे गाव त्यासाठी नावाजलेलं. हे मला कौतुकानं म्हणायचे, “अगं, खास हिंदुस्थानासाठी केलेली बियर आहे ही!” आणि हिंदुस्थानच्या लेकीला ती गिळवत नव्हती.

पण मी तसं बोलले नाही. इथंच माझं चुकलं. हे पेला पुढे धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, आणि मी म्हणायची, “छान झालीय हो.” मग हे आत गेले की उरलेली मोरीत. नवऱ्याचं मन मोडू नये, असंच आपण शिकून आलेल्या असतो ना? पण खोट्या ‘छान’चा परिणाम काय झाला ऐका. ह्यांना वाटायला लागलं की मला आवडते आहे, फक्त थोडी आणखी गोड हवी. म्हणून एका खेपेला ह्यांनी बाटल्या भरताना साखर वाढवली. वीस लिटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरते, ह्यांनी साडेतीनशे घातली. ‘तुझ्यासाठी खास,’ म्हणाले.

आता शास्त्र असं आहे की बियरमध्ये साखर घातल्यानं ती गोड होत नाही. यीस्ट जिवंत असतं, ते साखर खाऊन टाकतं आणि बंद बाटलीत वायू कोंडतो. जून महिना, उकाडा, आणि बाटल्या जिन्याखालच्या कपाटात. एका रात्री दीडच्या सुमाराला धडाधड तीन बाटल्या फुटल्या. दारातून काचा स्वयंपाकघरापर्यंत आल्या होत्या. त्याच कपाटात लेकीच्या शाळेचे बूट ठेवलेले असायचे. दिवसा ती बूट काढायला गेली असती तर? अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

पहाटे तीनला आम्ही दोघं काचा वेचत होतो, तेव्हा मी सांगून टाकलं, “मला ही बियर आवडत नाही. कधीच आवडली नव्हती.” ह्यांना राग आला, पण बियरवरून नाही. म्हणाले, “मग दोन वर्षं छान का म्हणत होतीस?” मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळानं ह्यांनीच विचारलं, “पण नेमकं काय आवडत नाही?” हा प्रश्न आधी मी स्वतःला विचारला नव्हता आणि ह्यांनी मला.

म्हणून ताई, लेकीला पहिली गोष्ट ही सांगा. ‘आवडत नाही’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, ‘मला प्यायचीच नाही.’ आणि दुसरा, ‘मला ही चव आवडत नाही.’ तिचा अर्थ कोणता, तो तिनं आधी ठरवावा आणि नवऱ्याला स्पष्ट सांगावा.

पहिला अर्थ असेल तर पुढची एकही कृती वाचू नये. कारण द्यायचीही गरज नाही. प्यायची नसेल तर नसेल. तिथं ‘थोडीशीच घे’, ‘माझ्यासाठी घे’ हा हट्ट नवऱ्यानं करायचा नाही, आणि चेहरा पाडून तर मुळीच नाही. त्याला बायकोसाठी काही करायचंच असेल तर तिच्यासाठी लिंबाचं-आल्याचं सरबत करावं. बाळाची चाहूल असेल तर मद्याचा थेंबही नको, असंच तिथले डॉक्टर सांगतात.

दुसरा अर्थ असेल तर मात्र काम सोपं आहे, कारण बियर एक नसते. एका वांग्याची भरली वांगी, भरीत आणि काप करतो, तसंच आहे हे. कडू किती लागावं हे काही अंशी जन्मजात असतं. एकाला जे नुसतं खमंग वाटतं ते दुसऱ्याला कारल्याचा रस वाटतं. ह्यात कुणाची हुशारी नाही आणि कुणाचा अडाणीपणाही नाही. ह्यांनी माझी जीभ ओळखायला एक युक्ती केली. मला काय काय आवडतं ते विचारलं. मी म्हटलं, कोकम, आवळा, ताक, संत्रं, कॉफी. आंबट चालतं, सुवासिक चालतं, भाजलेलं चालतं, कडू तेवढं नको. त्यावरून ह्यांनी चार वाटा काढल्या.

पहिली, गव्हाची बियर. जर्मनीत बव्हेरियाकडे ती निम्म्याहून अधिक गव्हाच्या माल्टची करतात. हॉप्स नावाला, आणि तिच्या खास यीस्टमुळे केळ्याचा नि लवंगेचा वास येतो. केळं घालत नाहीत, लवंगही नाही, बरं का!

दुसरी, बेल्जियमची पांढरी बियर. तिच्यात पडतात धने आणि संत्र्याची साल! धने म्हटल्यावर मी डब्यातून काढूनच दिले. आपले फिकट, लांबट धने लिंबासारखे वासाला येतात, ते इथं फार छान लागतात.

तिसरी, आंबट बियर. बर्लिनकडे गव्हाची हलकी आंबट बियर रासबेरीच्या पाकात मिसळून पितात. मी रासबेरीऐवजी पेल्यात चमचाभर कोकमाचा पाक घातला. ह्यांनी आधी नाक मुरडलं, आता स्वतःच मागतात.

चौथी, दुधी स्टाऊट. काळीभोर, भाजलेल्या माल्टची, कॉफीसारखी. तिच्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज घालतात. ती यीस्टला खाता येत नाही, म्हणून गोडवा टिकतो. गोडीचा खरा उपाय हा, साखर नव्हे. मात्र ज्यांना दूध पचत नाही त्यांनी जपून.

आणि काहीच जमलं नाही तर इंग्लंडातली जुनी सोय आहेच. निम्मी बियर, निम्मं लेमनेड. ती शँडी.

माझ्या पसंतीला उतरली ती धन्याची. जावयांसाठी तिची कृती देते, हे कात्रण लेकीला पाठवा. आवडेल की नाही कळत नसताना वीस लिटर करू नये. गॅलनची, म्हणजे साडेचार लिटरची काचेची बरणी तिथं मिळते, तेवढीच करावी.

साहित्य: गव्हाच्या माल्टची कोरडी पूड ५०० ग्रॅम, पाणी साडेपाच लिटर, कमी कडू जातीची हॉप्स ५ ग्रॅम, जाडसर कुटलेले धने २ चहाचे चमचे, एका संत्र्याची वरवर किसलेली साल (आतला पांढरा भाग घेऊ नये, तो कडू असतो), गव्हाच्या बियरचं यीस्ट अर्धी पुडी.

कृती: पाण्यात पूड विरघळवून उकळी आणावी. उकळी आली की फेस भसकन वर येतो, दुधासारखं लक्ष ठेवावं. हॉप्स घालून तासभर उकळावं. शेवटच्या पाच मिनिटांत धने नि साल घालावी. पातेलं थंड पाण्यात ठेवून २० अंशापर्यंत गार करावं, निर्जंतुक केलेल्या बरणीत गाळून ओतावं, यीस्ट घालावं. हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही असं बूच लावावं आणि १८ ते २० अंशात दोन आठवडे ठेवावं. मग साडेचार लिटरला मोजून २५ ग्रॅम साखर घालून बाटल्या भराव्यात. आणखी दोन आठवड्यांनी तयार. मद्यार्क साधारण चार टक्के उतरतो.

बाटल्या भरण्याआधी एक परीक्षा हवीच. दुधाला लॅक्टोमीटर असतो, तसा इथं हायड्रोमीटर. त्याचा आकडा लागोपाठ तीन दिवस तोच आला तरच आंबणं संपलं असं समजावं. आमच्याकडे ही परीक्षा झाल्याशिवाय एकही बाटली आता कपाटात जात नाही.

आता ताई, तुमच्या मनातल्या खऱ्या भीतीबद्दल. जावई बियर ‘करतात’ यात काळजी नाही, ‘पितात किती’ याकडे लक्ष हवं. वीस लिटरच्या चाळीस बाटल्या होतात, आणि त्या समोर असल्या की हात वळतो. ब्रिटिश डॉक्टरांचा २०१६ पासूनचा सल्ला असा, की आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नये, तेही एका दिवशी नव्हे. चार टक्क्यांची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे २ युनिट. म्हणजे आठवड्याला सात बाटल्या, ही जास्तीत जास्त मर्यादा. छंद असलेला माणूस बियर करण्यात रमतो, चार मित्रांना चाखवतो, वहीत टिपणं ठेवतो. पण बाटल्या भराभर संपायला लागल्या, लपून पिणं सुरू झालं, विचारलं की राग यायला लागला, तर तो छंद राहिला नाही. मग लेकीनं भीड न धरता डॉक्टरांकडे जावं, आणि तुम्ही तिच्या पाठीशी उभं राहावं.

आणि इकडच्या वाचक भगिनींनो, ही कृती आपल्याकडे करून बघू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं परवान्यावाचून घरी बियर करणं हासुद्धा गुन्हा आहे.

आमच्या घरची आजची गोष्ट विचाराल, तर मी अजूनही अर्ध्या पेल्याच्या पुढे जात नाही. हे त्यांची कडू बियर करतात, आणि वर्षातून दोनदा माझ्यासाठी छोटी बरणी लावतात. चाखायला देताना आता माझ्या तोंडाकडे बघत उभे राहत नाहीत. पेला ओट्यावर ठेवतात आणि म्हणतात, “खरं सांग.” मागच्या खेपेला मी म्हटलं, “धने जास्त झालेत.” ह्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तेव्हा ताई, लेकीला एवढंच लिहा, की खोटं ‘छान’ म्हणू नकोस. आणि जावयांना तुमच्या हातचा धन्याचा पुडा पाठवून द्या, चांगला निवडून.

जाता जाता:
• उरलेल्या माल्टच्या चोथ्यातला मूठभर थालीपिठाच्या पिठात खपतो. पण तो दिवसभरात आंबतो, तेव्हा लगेच वापरावा.
• घरात कुत्रा असेल तर हॉप्स त्याच्या तोंडी लागू देऊ नये, त्याला ती विषारी असतात.
• जॅमच्या किंवा सॉसच्या बाटल्यांत बियर भरू नये. जाड काचेच्या बियरच्याच बाटल्या घ्याव्यात, आणि त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.
• पातेली, बरण्या आणि मोरी ज्यानं बियर केली त्यानंच घासावी. हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा. नंतर लागत नाही!