पद्मिनीला डिस्क ब्रेक हवेत, पण अर्धवट नकोत

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला मूळचे ड्रम ब्रेक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या अजून धावतात.

सानपाड्याच्या पाम बीच रोडवर आजच्या वेगात या गाड्या वेळेवर थांबायच्या असतील, तर पुढच्या चाकांना डिस्क बसवावीच. सतत ब्रेक दाबल्याने ड्रम तापतो, पकड सुटते. उघडी डिस्क लवकर थंड होते.

मात्र नुसती डिस्क बसवणे धोक्याचे. ड्रममधला शू चाकाच्या फिरण्याने आणखी आवळला जातो. डिस्कला ती मदत नसल्याने जास्त दाब लागतो. म्हणून जुळणारा मास्टर सिलिंडर आणि बूस्टरही हवा.

मालकांनी आधी आरटीओत नियम विचारावेत आणि काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे.